चहाच्या तीन मुलखांत

महाराष्ट्रांत चहाची लागवड म्हणण्यासारखी कोठेंच होत नाहीं. तरीहि महाराष्ट्रीय कुटुंबांत दिवसाचा आरंभ चहावांचून होत नाहीं. ज्या वस्तूचें झाड आपल्यापैकीं बहुतेकांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें नसतें, ती वस्तु पाहुण्यापुढें न ठेवली तर आदरातिथ्यांत उणें राहिलें असें आपण मानतों, हा विचार करण्याजोगा चमत्कार आहे. तांदूळ आंबेमोहोर कीं कोलम, आंबा देवगडचा कीं रत्नागिरीचा, याविषयीं आपल्याकडील कोणतीहि गृहिणी अधिकारवाणीनें बोलेल. पण चहा कोठला, असें विचारलें असतां "दुकानांतला" यापलीकडे उत्तर मिळणें कठीण.

आमच्या घरीं मात्र या प्रश्नावर गेलीं कित्येक वर्षें पक्ष पडलेले आहेत. दादा उमेदीचीं कांहीं वर्षें नोकरीनिमित्त जोरहाटास होते. तेव्हांपासून "चहा म्हणजे आसामचा, बाकी सारें कोंबट पाणी," हें त्यांचें ठाम मत. काकांचें शिक्षण कोइमतुरास झालें. त्यामुळें निलगिरीच्या चहाचा कैवार त्यांच्याकडे. वहिनींस एका मैत्रिणीनें दार्जिलिंगच्या चहाचा डबा भेट दिला, आणि त्या दिवसापासून दूधसाखर घातलेला चहा त्यांस खिरीसारखा वाटूं लागला. काकू कोणत्याच पक्षाच्या नव्हेत. "दूध चांगलें आणि आलें ताजें असलें कीं चहा कोठलाहि चालतो," हा त्यांचा सिद्धान्त. आणि घरांतील बारा माणसांचा चहा रोज त्याच करीत असल्यामुळें तो खोडून काढण्याचें धैर्य कोणासहि नव्हतें. शेवटीं, तीन वर्षांच्या तीन सुट्यांत ते तीन मुलूख पाहावे, प्रत्येक चहा त्याच्या जन्मभूमींत प्यावा आणि मग निवाडा करावा, असें सर्वानुमतें ठरलें.

पहिला मान दादांचा. जूनच्या आरंभीं आम्ही गुवाहाटीस उतरून आगगाडीनें जोरहाटास गेलों. चहा म्हटला कीं डोंगरउतार डोळ्यांपुढें येतो. येथें तसें कांहीं नाहीं. ब्रह्मपुत्रेच्या गाळानें बनलेली सपाट जमीन, आणि तिच्यावर नजर पोंचेल तेथवर अंथरलेलें हिरवें जाजम! आसामी जातीचें झाड मोकळें वाढूं दिलें तर तीस-चाळीस फूट उंच होतें. मळ्यांत त्यास वरचेवर छाटून कमरेइतकें ठेवतात, म्हणजे खुडणाऱ्या हातांस शेंडा सांपडतो. मधून मधून शिरीषाच्या जातीचीं उंच झाडें सांवली धरून उभीं असतात. हवा अशी दमट कीं उभ्या उभ्या सदरा भिजावा. पण चहास जें मानवतें तें माणसास मानवलेंच पाहिजे असा सृष्टीचा नियम नाहीं. मळ्यांतील घड्याळें आपल्या घड्याळांहून एक तास पुढें असतात. पूर्वेकडे सूर्य लवकर उगवतो. तो उजेड वायां जाऊं नये म्हणून इंग्रज मळेवाल्यांनीं पाडलेला हा प्रघात ‘बागान टाइम’ या नांवानें अद्यापि चालूं आहे.

दादांच्या पक्षास इतिहासाचें पाठबळ भक्कम आहे हें कबूल केलें पाहिजे. या मुलखांतील चहा परदेशांतून आलेला नाहीं. सिंगफो लोक रानांतील चहाचीं पानें पूर्वींपासून वापरीत असत. मणिराम दिवाण या आसामी गृहस्थांच्या सांगण्यावरून रॉबर्ट ब्रूस हा व्यापारी १८२३ सालीं सिंगफो नायकास भेटला, आणि त्या झाडाची बातमी बाहेर गेली. त्याचा भाऊ चार्ल्स ब्रूस यानें पुढें लागवडीचें काम हातीं घेतलें. आसामी चहाच्या पहिल्या आठ पेट्यांचा लिलांव लंडनांत १० जानेवारी १८३९ रोजीं झाला. मणिराम यांनीं मग स्वतःचे मळे घातले. चहाच्या धंद्यांत उतरलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. परंतु १८५७ च्या उठावांत सामील झाल्याचा आरोप ठेवून सरकारनें त्यांस २६ फेब्रुवारी १८५८ रोजीं जोरहाटास फांशीं दिलें. ज्या गांवीं दादांनीं नोकरी केली त्याच गांवची ही हकीकत. दादांनीं ती आम्हांस सांगितली तेव्हां चहाचा घोट घेण्याची आठवण बराच वेळ कोणास झाली नाहीं.

एका कारखान्यांत चाखणीची खोली पाहावयास मिळाली. लांब फळीवर पांढऱ्या पेल्यांची ओळ. प्रत्येक पेल्यामागें त्या त्या चहाचीं भिजलेलीं पानें. चाखणारे गृहस्थ चमचाभर चहा मोठ्यानें फुरकी मारून तोंडांत घेत, क्षणभर घोळवीत, आणि शेजारच्या उंच भांड्यांत थुंकून पुढच्या पेल्याकडे वळत, चमचा तोच! काकूंनीं पदर तोंडास लावला. "अहो, एकच चमचा साऱ्यांत? आणि प्यायचा नव्हता तर केला कशाला?" असें त्यांनीं दादांस हळूच विचारलें. दादांनीं तो प्रश्न इंग्रजींतून पोंचविला. ते गृहस्थ हंसून म्हणाले, "दिवसाला शें-दीडशें पेले चाखतों. सगळे पोटांत गेले तर आठवडाभर झोंप नाहीं." त्यांनीं आम्हांसाठीं निराळे पेले भरले. उन्हाळ्यांतील दुसऱ्या खुडणीचा तो चहा तांब्यासारखा लाल होता आणि त्यास भाजलेल्या सातूचा खमंगपणा होता. दूध घातलें तरी तो दबला नाहीं. उलट भगवा रंग खुलला. याचें कारण असें कीं आसामी पानांत तुरट द्रव्यें पुष्कळ असतात, आणि दुधाशीं संयोग झाला म्हणजे त्यांचा कडकपणा निवतो, पण जोर राहतो.

आपल्याकडे येणारी गोळीदार भुकटी हीहि आसामचीच युक्ति. पानें कोमेजवून, वळून, आंबवून वाळविण्याची जुनी रीत मंद आहे. १९३० च्या सुमारास आसामांत मॅककर्चर नांवाच्या मळेवाल्यानें दांतेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवून काढणारें यंत्र बनविलें. त्या रीतीनें केलेला चहा लवकर उतरतो, दाट होतो आणि थोड्या भुकटींत अधिक पेले निघतात. हिंदुस्थानांतील चहाचा फार मोठा भाग आतां याच रीतीनें तयार होतो.

दुपारीं मळ्यांत पानांचें वजन चाललें होतें. खुडणाऱ्या बहुतेक बायकाच. त्यांचे पूर्वज येथले नव्हेत. छोटा नागपूर, संताळ परगणा, ओरिसा या भागांतून गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत दलालांनीं त्यांस आणलें. पळून जाणाऱ्या मजुरास पकडण्याचा अधिकारहि १८६५ च्या कायद्यानें मळेवाल्यांस दिला होता. वजन झाल्यावर त्या बायकांस बादलींतून चहा वाटण्यांत आला. तो कोरा होता आणि त्यांत साखरेच्या जागीं मीठ होतें. घामावाटे गेलेलें मीठ भरून यावें म्हणून ही रीत पडली. तिच्यामुळें रक्तदाब वाढतो असें डॉक्टर आतां सांगतात, पण संवय सुटत नाहीं. काकूंनीं एका प्रौढ बाईस हिंदींत विचारलें, "घरींहि असाच पितां काय?" ती म्हणाली, "हाच. चांगला चहा इकडे राहत नाहीं, माजी, तो तुमच्याकडे जातो." तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, एखाद्यानें नदी कोणीकडे वाहते तें सांगावें तसें तिनें सांगितलें.

दुसऱ्या वर्षीं मार्चअखेर वहिनींची पाळी आली. न्यू जलपाईगुडीहून निघणारी लहान गाडी १८८१ सालीं दार्जिलिंगास पोंचली, ती अजून पोंचते आहे. दोन फुटांचा रूळ; गाडी कर्सियांगच्या बाजारांतून जाते तेव्हां दुकानांतील मांडणीवरची वस्तु हात लांबवून उचलतां यावी! ७४०७ फुटांवरील घूम ओलांडून उतरूं लागलें कीं आकाश निरभ्र असल्यास कांचनगंगा दिसते. आम्हांस ती दोन सकाळींच दिसली. परंतु तेवढ्यानें वहिनींचे गाडीभाडें फिटलें असें त्या म्हणाल्या.

येथला चहा मात्र परका. चीनमधून आणलेल्या बियांचीं रोपें कलकत्त्याच्या बागेंत करून सरकारनें निरनिराळ्या भागांत धाडलीं, तेव्हां आसामच्या उकाड्यांत तीं टिकलीं नाहींत. हिमालयाच्या थंडींत मात्र चिनी जात रुजली. दार्जिलिंगास डॉक्टर कॅम्पबेल यांनीं १८४१ सालीं आपल्या बागेंत पहिलें बीं लावलें. चिनी झाडाचें पान लहान, वाढ सावकाश आणि उत्पन्न थोडें. पण डोंगराचें धुकें, थंड रात्री आणि पाणी न सांठूं देणारा उतार यांमुळें त्यांत जो परिमल उतरतो तो इतर कोठें नाहीं. उतार इतके उभे कीं आम्हांस हातांत काठी घेऊनहि धाप लागे. आणि तेथील नेपाळी बायका टोपलीचा पट्टा कपाळास लावून, दोन्ही हातांनीं "दोन पानें, एक कळी" खुडीत गप्पा मारीत चढत होत्या. किलोभर चहास वीस हजारांच्या आसपास कोंब लागतात, हें ऐकून आम्हीं आमच्या पेल्यांतील पानें मोजावयास घेतलीं नाहींत एवढेंच.

वसंतांतील पहिल्या खुडणीचा चहा आम्हांपुढें आला. त्याचा रंग फिका सोनेरी. दादांनीं पेला उजेडाकडे धरून, "हा अजून व्हायचा आहे काय?" असें विचारलें. परंतु पहिला घोट घेतल्यावर तेहि गप्प झाले. पहांटे आमराईंतून जातांना मोहोराचा वास कोठून येतो तें कळत नाहीं आणि येत राहतो, तसा कांहीं तरी तो अनुभव होता. दूध घातलें असतें तर तो तत्काळ नाहींसा झाला असता. मेजूनांतील दुसऱ्या खुडणीच्या चहास पिकलेल्या द्राक्षांसारखी चव येते. तिचें कारण मोठें मौजेचें आहे. त्या दिवसांत हिरवे तुडतुडे कोंवळ्या पानांतील रस शोषतात, आणि त्यांच्या दंशास प्रतिकार म्हणून झाड जीं सुगंधी द्रव्यें निर्माण करतें तींच पेल्यांत उतरतात. कीड लागलेल्या पानास सोन्याचा भाव येतो, असा हा उलटा व्यवहार!

वहिनींचा विजय असा जवळजवळ निश्चित झाला असतां मळ्यांतील एका वृद्ध कारकुनांनीं जें सांगितलें त्यानें त्यांचा चेहरा उतरला. दार्जिलिंगच्या सत्त्याऐंशीं मळ्यांतून एके काळीं वर्षास एक कोटि किलोंहून अधिक चहा निघे. २०२४ सालीं तो साठ लाख किलोंच्याहि खालीं गेला. झाडें शंभर-सव्वाशें वर्षांचीं जुनीं झालीं. पाऊस वेळेवर पडत नाहीं. तरुण मुलें-मुली शहरांकडे जातात. २०१७ च्या आंदोलनांत एकशें चार दिवस मळे बंद राहिले, आणि त्या अवधींत गेलेलीं परदेशचीं गिऱ्हाइकें सगळींच परत आलीं नाहींत. शेजारच्या नेपाळांतील स्वस्त चहा दार्जिलिंगच्या नांवावर खपतो तो निराळाच. "मुलगा बंगळुरास असतो. त्यानें येथें यावें असें म्हणण्याचा मला धीर होत नाहीं," असें ते म्हणाले. वहिनींनीं तेथून घेतलेला चहा ठरविल्याच्या दुप्पट होता.

निलगिरीस आम्ही जानेवारींत गेलों. मेट्टुपाळयमहून सुटणारी गाडी १८९९ सालीं कुन्नूरपर्यंत आणि १९०८ सालीं उटकमंडापर्यंत झाली. कल्लार सोडल्यावर चढ बारांस एक असा होतो. तेव्हां रुळांमधील दांतेरी पट्टींत इंजिनाचीं चक्रें अडकतात, आणि इंजिन गाडीस पुढून ओढीत नाहीं, मागून ढकलतें. काकांनीं ही गाडी विद्यार्थिदशेंत अनेकदां पाहिलेली. प्रत्येक बोगद्यापूर्वीं ते आम्हांस सावध करीत आणि सोळा बोगदे मोजून पुरे झाल्यावरच त्यांनीं डबा उघडूं दिला.

दोन्ही पावसाळे लाभत असल्यामुळें निलगिरींत चहाची खुडणी वर्षभर चालते. आसाम-दार्जिलिंगचीं झाडें हिंवाळ्यांत झोंप घेतात, येथलीं घेत नाहींत. सांवलीस सिल्व्हर ओकचीं सरळ झाडें. जानेवारीच्या कडक रात्रीं सखल भागांत दंव गोठतें. त्या थंडींत सावकाश वाढलेल्या पानाचा चहा विशेष सुवासिक होतो. एरवीं निलगिरीचा चहा लख्ख, हलका, किंचित् फुलांच्या वासाचा. त्याची एक खुबी म्हणजे तो गार झाला तरी गढुळत नाहीं. बर्फ घालून प्यावयाचा असेल तर याच्यासारखा दुसरा नाहीं. काकांनीं हा प्रयोग कुन्नूरच्या थंडींतच करून दाखविला, आणि आम्हीं पितृतुल्य वडिलांचा मान राखण्याकरितां कुडकुडत तो प्याला.

कोटगिरीकडे एकएक-दोनदोन एकरांचे लहान शेतकरी पुष्कळ. त्यांस स्वतःचा कारखाना नसतो. खुडलेलें पान दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाहीं. म्हणून कारखानदार देईल तो भाव घ्यावा लागतो. हिरव्या पानास खर्च भरून निघेल असा किमान दर मिळावा, ही त्यांची मागणी कित्येक वर्षांची आहे. एका मळ्यांत भेटलेल्या म्हाताऱ्या बाईशीं काका तमिळांत बराच वेळ बोलत राहिले. तिच्या आजानें सिलोनांत जाऊन चहा लावला, आईबापांनीं तेथेंच खुडला. १९६४ सालीं शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्या करारानें त्या लोकांपैकीं सव्वापांच लाखांनीं हिंदुस्थानांत यावें असें ठरलें. त्यांच्यासाठींच राज्य सरकारनें १९६८ पासून निलगिरींत चहाचे मळे घातले. ही बाई मुलगी असतांना आगबोटीनें रामेश्वरास उतरली, कांहीं महिने मंडपमच्या छावणींत राहिली, आणि मग या थंडींत आली. "तेथें आम्हांस इंडियावाले म्हणत, येथें सिलोनवाले म्हणतात. चहाच्या झाडाला मात्र मी दोन्हीकडे ओळखीची," असें ती म्हणाली. काकांनीं तें भाषांतर करून सांगतांना दोनदां चष्मा पुसला.

कांगड्याचा उल्लेख केल्यावांचून ही हकीकत पुरी होणार नाहीं, जरी आम्ही तेथें गेलों नाहीं. काकांचे एक स्नेही पालमपुराहून वर्षाकांठीं एक पुडा धाडतात. धवलाधाराच्या पायथ्याचा हा चहाहि चिनी जातीचाच आणि एके काळीं नांवाजलेला. परंतु ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपानें कारखाने जमीनदोस्त केले, बहुतेक गोरे मळेवाले निघून गेले आणि तो धंदा पूर्वींच्या स्थितीस आला नाहीं. त्याचा हिरवा चहा चवीस सौम्य आहे. जेवणानंतर तासाभरानें घेतल्यास बरा वाटतो.

आतां निवाडा. घरीं आल्यावर आम्हीं रीतसर परीक्षा केली, तिची कृति वाचकभगिनींस उपयोगी पडेल म्हणून देतों. प्रत्येक पेल्यास अडीच ग्रॅम पानें, सगळ्यांस एकच पाणी, आणि तें नुकतें उकळलेलें. आसामास पांच मिनिटें, निलगिरीस चार, दार्जिलिंगास तीन. नंतर गाळून घ्यावें. चहा पाण्याबरोबर खळखळ उकळूं नये. प्रथम कोरा चाखावा, मग हवें तर दूध घालावें. पेल्यांखालीं चिठ्या लपवून ठेवल्या होत्या. दादांनीं आपला आसाम वासावरूनच ओळखला. वहिनींनीं दार्जिलिंग ओळखलें. काकांनीं निलगिरी म्हणून ज्यास गौरविलें तो कांगड्याचा निघाला. परंतु वडीलमाणसास परीक्षेंत नापास करण्याची आमच्या घरीं चाल नाहीं.

शेवटचा शब्द काकूंचा. सकाळच्या बारा पेल्यांस आसामची भुकटी तीन भाग आणि वासासाठीं निलगिरीचें पान एक भाग, आलें घालून. तिसऱ्या प्रहरीं ज्यांस हवा असेल त्यांस दार्जिलिंगचा कोरा, तो वहिनींनींच करावा. हा तह सर्व पक्षांस मान्य होऊन आज वर्ष झालें. दुसरीहि एक गोष्ट बदलली. पूर्वीं सणासुदीस अर्धी किटली चहा मोरींत ओतला जाई. आतां काकू पेले मोजून आधण ठेवतात. त्याविषयीं त्या कांहीं बोलल्या नाहींत, आणि आम्हीं विचारलें नाहीं.

हिशेब मात्र आम्हीं करून पाहिला. आसामांत खुडणारीकडून दिवसास चोवीस किलोंच्या आसपास हिरवें पान अपेक्षितात. त्याचा तयार चहा पांच किलोंहून थोडा अधिक होतो. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत तिची रोजची मजुरी २०२३ सालीं अडीचशें रुपये ठरली. शिधा, घर यांची सोय मळ्यानें करावयाची ती निराळी. म्हणजे आपण जो चहा किलोमागें कित्येक शेंकडे रुपये देऊन घेतों त्यांत खुडणाऱ्या हातांची रोख मजुरी पन्नास रुपयांच्या आंतबाहेरची. एका कुटुंबानें यांत काय करावें, असें कोणी विचारील. फार नाहीं, पण चहा कोठला हें विचारून घ्यावें, आणि अस्सल मालास चार पैसे अधिक पडले तर कुरकुरूं नये. दार्जिलिंगच्या चहास २००४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. हिंदुस्थानांत तें मिळालेली ती पहिलीच वस्तु. डब्यावर त्याचें गोल चिन्ह असतें. त्यांत एका बाईची बाजूनें दिसणारी मुद्रा आहे आणि तिच्या हातांत दोन पानें, एक कळी आहे. डबा घेण्यापूर्वीं तें चिन्ह आहे कीं नाहीं एवढें तरी पाहावें.